दहावीनंतर काय? नववीच्या मुलांसोबत बसताय का कुणी? (अनुभव आणि मदत हवी)

माणकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. गणित आणि विज्ञान. यंदा नववी माझ्याकडे आहे, ४१ मुलं-मुली. बहुतेकांच्या घरी डाळिंब, जनावरं किंवा दुसऱ्याच्या रानात मजुरी. घरातली दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच पिढी म्हणावी अशी निम्मी पोरं.

दर वर्षी आमच्याकडे एक ठरलेली गोष्ट होते. निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि मग आई-वडील पोराला घेऊन शाळेत येतात : "बाई, आता याला कुठं घालू?" तोवर पॉलिटेक्निकची नोंदणी सुरू झालेली असते, उत्पन्नाचा दाखला काढलेला नसतो, आधारवर आडनाव एक आणि शाळेत दुसरं असतं. मग जे जवळ असेल, जिथे एसटी जाते आणि जिथे शेजारचा पोरगा गेलाय, तिथे हाही जातो. चार-पाच वर्षांनी रस्त्यात भेटतो आणि मान खाली घालतो. त्याची चूक काहीच नसते. त्याच्यासोबत कुणी वेळेवर बसलेलं नसतं एवढंच.

म्हणून यंदा ठरवलंय की नववीच्या दिवाळीपासून प्रत्येकाशी अर्धा-अर्धा तास बोलायचं, शक्य तिथे पालकांसमोर. आतापर्यंत अकरा जण झाले. एका वहीत प्रत्येकाला दोन पानं दिली आहेत. "तुला काय व्हायचंय" हा प्रश्न मी पहिल्या तिघांनंतर सोडून दिला, कारण उत्तरं दोनच येतात : पोलीस नाहीतर कलेक्टर. आता विचारते, "रविवारी दिवसभर काय करतोस?" तिथून पोर बोलायला लागतं.

एक मुलगा आहे, वर्गात शेवटच्या बाकावर. गणितात पस्तीस-चाळीस. त्याने सांगितलं की चुलत्याच्या दुकानात तो मोटर रिवाइंडिंग करतो. बोअरच्या पाणबुडी मोटरची जळालेली वायर काढायची, स्लॉट साफ करायचे, पेपर घालायचा, नवीन कॉइल भरायची. मी विचारलं, वेढे किती हे कसं कळतं? म्हणाला, "जुन्या कॉइलचे मोजायचे बाई, आणि वायरचा गेज मायक्रोमीटरनं बघायचा." माझ्या वर्गात दशांश अपूर्णांक चुकवणारा मुलगा दुकानात मायक्रोमीटर वाचतो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याचे वडील म्हणतात, सायन्सला घालायचं, कारण थोरल्या भावाचा मुलगा सायन्सला आहे. मला वाटतं आयटीआय किंवा डिप्लोमा. पण "आयटीआय" शब्द काढला की त्यांचा चेहरा उतरतो. या क्षेत्रातल्या कुणी जाणकाराने सांगावं, यातून पुढे वाट कशी जाते? आणि कागदपत्रांचं नववीतच काय काय करून ठेवावं?

---

कानस_आणि_गुण्या

बाई, आधी मनापासून आभार. मी शासकीय आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे, फिटर ट्रेड, २२ वर्षं. आमच्याकडे पोरं येतात ती "कुठंच नंबर लागला नाही म्हणून" असं सांगत येतात. तुमच्यासारखं कुणी आधी बसलेलं असलं की तो पोरगा पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो.

वडिलांना पुढची वाट नीट दाखवा, चेहरा उतरणार नाही. तुमच्या मुलासाठी दोन ट्रेड सरळ दिसतात : वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन), दोन्ही दोन वर्षांचे. प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन, पसंतीक्रम देऊन. वीजतंत्रीचा कट-ऑफ बहुतेक ठिकाणी वरच असतो, त्यामुळे "आयटीआय काय, मिळेलच" असं समजू नये. दोन वर्षांनंतर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिस. १९६१ च्या कायद्याखाली ती चालते आणि विद्यावेतन मिळतं. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत याच दोन ट्रेडची पोरं चालतात. शिवाय आयटीआय पास झाल्यावर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांबची आहे, पण बंद कुठेच होत नाही. आणि ज्यांना बारावीची समकक्षता लागते, त्यांना राज्य मंडळाचे भाषा विषय देऊन ती घेता येते.

एक मात्र सांगतो. आयटीआय म्हणजे सोपं, असं सांगून पाठवू नका. आमच्या फिटरला पहिले दोन-तीन महिने पोरगं बेंच व्हाइससमोर उभं राहून कानस घासतं. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा. पृष्ठभाग सपाट झाला का, हे गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचं. गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचं. हाताला फोड येतात. याच महिन्यांत काही पोरं सोडून जातात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जी टिकतात त्यांच्या हाताला पुढे व्हर्निअरवरचे ०.०२ मिलिमीटर कळायला लागतात.

तुमच्या मुलांना एकदा वर्कशॉप दाखवायला आणा. पत्र लागेल शाळेचं, बाकी मी बघतो. माहितीपत्रक वाचून जे कळत नाही ते लेथ चालू असताना पाच मिनिटांत कळतं.

---

भीमातीर

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. चौदा वर्षांच्या मुलाला ट्रेड ठरवायला लावणं मला पटत नाही. शहरातल्या मुलाला आपण म्हणतो, "सायन्स घे, दोन वर्षं विचार कर." गावातल्या शेतकऱ्याच्या मुलाला मात्र लगेच म्हणतो, "तुझा हात चांगला चालतो, आयटीआयला जा." त्या वडिलांना हेच टोचत असणार. सायन्स घेतलं तर सगळ्या वाटा खुल्या राहतात. वाणिज्य, कला, सगळीकडे नंतर वळता येतं. उलट येता येत नाही.

---

माणकाठची_बाई

@भीमातीर, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते खरंही आहे. मी स्वतःला तोच प्रश्न विचारला, हाच मुलगा डॉक्टरांचा असता तर मी आयटीआय म्हटलं असतं का? प्रामाणिकपणे सांगते, कदाचित नसतं म्हटलं. म्हणून मी त्याला निर्णय सांगणार नाही. सायन्स, आयटीआय, डिप्लोमा, तिन्हींची वाट शेवटपर्यंत चालून दाखवणार, खर्च आणि एसटीच्या वेळांसकट. निवड त्याची आणि घरच्यांची.

पण "सायन्समध्ये वाटा खुल्या राहतात" हे कागदावर खरं असलं, तरी आमच्याकडे काय होतं तेही बघा. गणितात चाळीस मिळवणारा मुलगा अकरावी सायन्सला जातो, भौतिकशास्त्र इंग्रजीतून सुरू होतं, तो गप्प होतो. बारावीला नापास झाला की त्याच्या हातात फक्त दहावी उरते आणि दोन वर्षं गेलेली असतात. वाटा खुल्या असून चालत नाही, त्या मुलाचे पाय तिथे चालले पाहिजेत.

---

थेट_दुसरं_वर्ष

मी याच वाटेने आलोय म्हणून लिहितो. दहावी मराठी माध्यम, ७१ टक्के. मंगळवेढा तालुका. शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमा केला, आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

डिप्लोमाला प्रवेश परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. तीन वर्षं, सहा सेमिस्टर. त्यानंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश. सीईटी द्यावी लागत नाही. बारावीवाला आणि मी एकाच वर्षी डिग्री घेतो, मला एकही वर्ष जास्त लागत नाही. शिवाय मधेच घरची परिस्थिती बिघडली असती तर माझ्या हातात नोकरीला चालणारं काहीतरी होतं. माझ्या आईला तेच महत्त्वाचं वाटलं होतं.

कुणी सांगत नाही ती गोष्ट : पहिलं सेमिस्टर. मला गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला. गणित येत नव्हतं असं नाही, प्रश्न इंग्रजीत वाचायला वेळ जायचा. "फाइंड द व्हॅल्यू" कळायचं, पण "हेन्स" आणि "प्रूव्ह दॅट" बघून घाबरायला व्हायचं. हॉस्टेलवर एका सीनिअर दादाने सल्ला दिला की सातवी ते दहावीची इंग्रजी माध्यमाची गणिताची पुस्तकं आण आणि नुसती वाच. बालभारतीच्या साइटवर ती फुकट मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत वाचली, उन्हाळी परीक्षेत केटी निघाली. बाई, तुमच्या नववीच्या पोरांना आत्ताच महिन्याला दोन प्रकरणं अशी वाचायला लावा. खर्च शून्य.

दुसरं, फी कमी म्हणून शासकीय तंत्रनिकेतन स्वस्त, हे अर्धं खरं. माझी खरी अडचण मेस आणि खोलीची होती. हॉस्टेलची यादी प्रवेशानंतर लागते, तोवरचे दोन महिने बाहेर काढावे लागले. ते पैसे घरच्यांनी धरलेच नव्हते. शेळी विकावी लागली. हे आधी माहीत असतं तर उन्हाळ्यात मी काम केलं असतं.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

बाई, कागदपत्रांचं मी सांगतो. महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. दर जूनमध्ये काउंटरसमोर रडणारे आई-बाप बघितलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ. हे आधारशी आणि जन्मदाखल्याशी ताडून बघा. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर त्याच दुरुस्तीला चपला झिजतात. "शिवाजी" आणि "शिवाजीराव", "बाई" लावलेलं आईचं नाव, एवढ्याशा फरकावर फॉर्म अडतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, सेतूतून किंवा आपले सरकारवरून. वय-अधिवास प्रमाणपत्र एकदाच काढायचं. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेअर लागतं. त्याची मर्यादा ८ लाख आहे आणि त्यात पगाराचं व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. लोक ते धरून बसतात आणि "आपल्याला मिळणार नाही" म्हणून अर्जच करत नाहीत.

आता जात वैधता. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं तर ही लागतेच. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. जात पडताळणी समितीला मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा हवा असतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा, नाहीतर पणजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, जुना गाव नमुना १४, असं काहीतरी. हे शोधायला महिने लागतात. आजोबा दुसऱ्या गावात शिकले असतील, शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल. त्यामुळे नववीतच मुलांना एक गृहपाठ द्या : वंशावळ काढून आणा. आजोबा कुठल्या शाळेत गेले, कितवीपर्यंत गेले, त्यांचे भाऊ किती. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता आधीच झाली असेल तर तिची प्रत सोन्यासारखी जपा, काम निम्मं होतं.

वैधतेच्या अर्जाच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज भरता येतो, हे ऐकून लोक निवांत राहतात. पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते. मुदतवाढ दर वर्षी मिळेलच असं धरून चालू नये.

---

दोन_मुलींची_आई

चिंचवडहून लिहितेय. शहरात असलो तरी गोंधळ तोच आहे हो. थोरली दहावीला आहे. चित्रकला उत्तम, इंटरमिजिएटला ए ग्रेड. सगळे म्हणतात सायन्स घे, मग डिझाइनला जा. तिला रसायनशास्त्राचं नाव काढलं तरी पोटात दुखतं. सायन्स खरंच लागतं का?

---

थेट_दुसरं_वर्ष

ताई, माझ्या वर्गमैत्रिणीने हेच शोधलं होतं. मुंबईच्या जे. जे. सारख्या कला महाविद्यालयातल्या बी.एफ.ए.ला आणि एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बी.डिझाइनला कुठल्याही शाखेची बारावी चालते, त्यांची प्रवेश परीक्षा मात्र वेगवेगळी. आर्किटेक्चरचं तसं नाही, तिथे बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. तेव्हा आधी तिला "घराचं चित्र की घराचा नकाशा" हे विचारा. नकाशा म्हणाली तरच सायन्सचा त्रास घ्यावा.

---

भीमातीर

वर मी सायन्सची बाजू घेतली, तर माझा स्वतःचा अनुभवही लिहिलाच पाहिजे. आधी लिहायला धीर झाला नाही.

माझ्या मुलाला दहावीला ९२ टक्के होते. आम्ही त्याला बाहेरगावी एका क्लासला ठेवलं. कॉलेज फक्त कागदावर, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत क्लास. नीट, म्हणजे वैद्यकीयची प्रवेश परीक्षा, सोडून दुसरं नावच घ्यायचं नाही, असं पहिल्याच पालकसभेत सांगितलं गेलं. बारावीत एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरू का, असं मुलाने विचारलं तर तिथल्या सरांनी "लक्ष विचलित होतं" म्हणून नको म्हटलं. आम्हीही मान डोलावली. नीटला ७२० पैकी ३८० आले. सरकारी एमबीबीएसचा प्रश्नच नव्हता. मग म्हटलं बी.एस्सी. ॲग्री करू, राहुरी किंवा दापोली. तिथे सीईटीचे गुण लागतात. बी.फार्मसीला राज्याच्या जागांसाठी सीईटी. नर्सिंगची सीईटी आणखी वेगळी. एकही फॉर्म भरलेला नव्हता.

मुलगा ते वर्ष घरी बसला. जेवताना ताटावरून उठून जायचा. पुढच्या वर्षी पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाची सीईटी दिली. त्यात वजा गुण नाहीत आणि अकरावीचा भाग २० टक्केच असतो, हेही आम्हाला तेव्हा कळलं. आता परभणीला कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मातीच्या नमुन्यांबद्दल फोनवर अर्धा तास बोलतो. मी ऐकत राहतो.

तेव्हा बाई, जो सायन्सला जाईल त्याच्या वहीत ठळक लिहा : सीईटीचा फॉर्म भरायचाच.

---

कानस_आणि_गुण्या

@भीमातीर दादा, हे लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. आमच्या गावातल्या दोन घरी मी हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

बाई, आणखी एक ठिकाण तुमच्या वहीत घाला. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची. तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा असतो, त्याला प्रवेश परीक्षा आहे. गणित बरं असलेल्या आणि हाताने काम आवडणाऱ्या पोरासाठी हा फार चांगला कोर्स. आपल्या भागातली पोरं नाव माहीत नाही म्हणून जात नाहीत.

---

दोन_मुलींची_आई

फीबद्दल एक भर. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत जाते. माझ्या जावेच्या मुलीचं असंच झालं. कॉलेजच्या एका एजंटने "फेऱ्यांची वाट कशाला बघता, सीट जाईल" म्हणून घाई केली, त्यांनी कोट्यातून पैसे भरले आणि दुसऱ्या फेरीत तेच कॉलेज तिला कॅपमधून मिळालं असतं असं कट-ऑफवरून दिसलं. बाई, तुमच्या मुलींच्या आयांना हे नक्की सांगा. "मुलीवर एवढा खर्च कशाला" हे वाक्य तरी मागे पडेल. बाकी हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी हे माफ नसतं, तेही सांगा, नाहीतर ऐनवेळी मुलीचंच शिक्षण थांबतं.

आणि टीएफडब्ल्यूएस म्हणून शिक्षण शुल्क माफीची आणखी एक योजना असते, मुलगे-मुली दोघांनाही. त्या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो. पसंतीक्रमात तो वेगळा टाकला नाही तर मिळत नाही.

---

निवृत्त_अव्वल_कारकून

अकरावीबद्दलही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाचेसुद्धा. दहा पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं. नेट कॅफेवाला "काहीतरी टाकू" म्हणून वरचं नाव टाकतो आणि पोराला साठ किलोमीटरवरचं कॉलेज लागतं. फॉर्म भरताना शेजारी घरचं माणूस बसलं पाहिजे.

---

माणकाठची_बाई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. चार दिवस वाचते आहे आणि वहीत उतरवते आहे.

काय केलं ते सांगते. वंशावळीचा गृहपाठ दिला. सोमवारी वर्गात जे झालं ते मी कधी बघितलं नव्हतं. मुलं आजोबांच्या गोष्टी घेऊन आली. एका मुलीचे आजोबा स्वतःच शाळेत आले, हातात पत्र्याची पेटी. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला शाळा सोडल्याचा दाखला, १९५८ सालचा, घड्यांवर फाटलेला. दुसरीतून शाळा सोडलेली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "गुरे राखण्यास". जातीचा उल्लेख स्पष्ट होता आणि तारीख १९६१ च्या आधीची. मी म्हटलं, बाबा, हा कागद तुमच्या नातीला कॉलेजात नेईल. त्यांनी तो परत घडी घालून पेटीत ठेवला आणि पेटी मांडीवरून खाली ठेवेनात. ४१ पैकी नऊ जणांच्या घरी काहीच सापडलेलं नाही, त्यांच्यासाठी जुन्या शाळांकडे पत्रं पाठवायला मुख्याध्यापक तयार झालेत.

इंग्रजी माध्यमाची गणिताची पुस्तकं उतरवून घेतली. रोज प्रार्थनेनंतर एकच उदाहरण, आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत.

आणि तो रिवाइंडिंगवाला. त्याच्या वडिलांना शाळेत बोलावलं. तिन्ही वाटा मांडल्या. ते बराच वेळ गप्प बसले, मग मुलाकडे वळून म्हणाले, "तुला दुकानात जाऊ नको म्हणायचो, तू चोरून जायचास." मुलगा काही बोलला नाही. वडील म्हणाले, आधी जागा बघतो, मग सांगतो.

@कानस_आणि_गुण्या सर, शनिवारी आणू का? चौदा मुलं, पाच मुली, तीन पालक आणि मी. साडेदहापर्यंत पोचू. मुख्याध्यापकांचं पत्र तयार आहे.

---

कानस_आणि_गुण्या

या बाई, वाट बघतो. गेटवर फिटर सेक्शन म्हणून सांगा. पोरांना बंद बूट घालून यायला सांगा, मुलींना वेण्या घट्ट बांधून आणि ओढणी नको, लेथ चालू असेल. बूट नसतील त्यांचा आकडा शुक्रवारपर्यंत कळवा, आमच्या पोरांचे देतो. आणि त्या मुलाला सांगा, वीजतंत्रीच्या सेक्शनला एक जळालेली तीन एचपीची मोटर उघडून ठेवतो.